एकट्या पालकाने घर कुठे पाहावे?

कौटुंबिक जीवन : अभ्यासपाठ



आपल्या धर्मग्रामात बाहेरगावाहून कुटुंबे येत असतात. कोणाची बदली होते, कोणी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागते, कोणी रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, त्यामुळेही काही जणांची पावले या शहराकडे वळली आहेत. येणाऱ्यांमध्ये काही घरे अशी असतात की जिथे आई एकटी आहे किंवा वडील एकटे आहेत. कोणाचा जोडीदार वारला आहे, कोणाला जोडीदाराने सोडले आहे, कोणाचे प्रकरण न्यायालयात आहे, तर कोणाचा जोडीदार हयात असूनही घराला त्याचा आधार नाही. कारणे वेगळी असली तरी रोजची अडचण एकच असते. घरात माणूस एक आणि कामे दोघांची.

अशी माणसे मिस्सानंतर भेटतात तेव्हा बहुधा पहिला प्रश्न असतो, "फादर, कोल्हापुरात राहायला चांगला एरिया कुठला?" उत्तर द्यायला सगळे उत्सुक असतात. एक जण ताराबाई पार्क सांगतो, दुसरा राजारामपुरी, तिसरा म्हणतो आर. के. नगरला भाडे कमी आहे. प्रत्येकाचे बरोबर असते, पण ते त्याच्या घरापुरते.

आमच्या मते प्रश्नच थोडा बदलला पाहिजे. 'चांगला' हा शब्द एकटा उभा राहत नाही. सुरी चांगली की वाईट हे ती कशासाठी हवी यावर ठरते. तसाच भागही कोणासाठी आणि कशासाठी चांगला, हे आधी विचारावे लागते. म्हणून या पाठात आम्ही एखाद्या भागाची शिफारस करणार नाही. निवड कशी करावी, ते क्रमाने पाहू या.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञपणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी चौकशी आणि सल्ला, मग निर्णय, आणि शेवटी प्रत्यक्ष कृती. पुष्कळ जण पहिली पायरी गाळून एकदम निर्णयावर येतात. काही जण चौकशीच करत राहतात आणि जून महिना येऊन ठेपतो. आपण तिन्ही पायऱ्या घेऊ.

१. एक जुने उदाहरण

लहान मूल घेऊन एकट्याने गाव बदलणे ही आजचीच गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे. १८८२ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. आईवडील आणि भाऊ आधीच गेलेले. त्याच वर्षी त्या बंगाल-आसामकडचा मुलूख सोडून पुण्यास आल्या. पुण्यात त्यांचे घर नव्हते, पण त्यांचे शब्द ऐकणारी आणि त्यांना काम करू देणारी माणसे होती. रानड्यांसारख्या सुधारकांचे वर्तुळ तिथे होते. आल्या वर्षीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

पुढे १८८३ मध्ये त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथल्या वर्षांत मनोरमेच्या सांभाळात वाँटेजच्या धर्मभगिनींचा हात होता, म्हणून रमाबाईंना शिकता आणि शिकवता आले. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. दुष्काळ आणि प्लेगच्या काळात निराधार मुलींची संख्या वाढली, तेव्हा त्यांनी आपले काम पुण्याबाहेर केडगावला नेले. तिथे शेतजमीन होती आणि रेल्वेही होती.

या उदाहरणातून तीन गोष्टी शिकाव्यात. त्यांनी जागेपेक्षा माणसे आधी पाहिली. मुलीच्या सांभाळासाठी दुसऱ्यांची मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि गरज बदलली तेव्हा त्यांनी जागाही बदलली. पहिले घर हे शेवटचे घर असते असे नाही, हे ध्यानात ठेवले तर निवडीचे ओझे निम्मे हलके होते.

२. पहिली पायरी : चौकशी

(अ) आधी आपला दिवस कागदावर लिहावा

भाग पाहायला निघण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा आपला दिवस वेळेसह लिहून काढावा. शाळा किती वाजता भरते? मूल किती वाजता सुटते? आपण कामावरून किती वाजता घरी पोहोचतो? शाळा सुटणे आणि आपण पोहोचणे यांच्यामध्ये जे तास उरतात, तीच एकट्या पालकाची खरी अडचण. दोन पालकांच्या घरात हे तास कोणीतरी भरून काढते. एकट्या पालकाला ते विकत घ्यावे लागतात, मागून घ्यावे लागतात किंवा जागा निवडून कमी करावे लागतात.

समजा, एका आईचे काम सकाळी नऊ ते सायंकाळी सहा. मुलगा दुसरीत, शाळा सुटते साडेबाराला. म्हणजे साडेपाच तासांचा प्रश्न. घर कामापासून अर्ध्या तासावर असेल तर तो सहा तासांचा होतो. पाळणाघर किंवा सांभाळणाऱ्या मावशी शाळेच्या वाटेवर असतील तर मूल तिथे चालत जाऊ शकते. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला असतील तर रोज रिक्षा आली, आणि रिक्षा चुकली की आईला काम सोडून यावे लागले.

म्हणून घर, शाळा आणि काम या तीन ठिकाणांचा त्रिकोण काढावा आणि त्यात चौथे टिंब घालावे : अडीअडचणीला दहा मिनिटांत पोहोचेल असे दुसरे मोठे माणूस. आत्या, मावशी, मैत्रीण, आपल्या छोट्या समूहातले कुटुंब, कोणीही चालेल. मुलाला ताप आला, आपली दुपारची पाळी आहे आणि शाळेतून फोन आला, तर कोण जाईल? या प्रश्नाला ज्या भागात एकही नाव मिळत नाही, तो भाग कितीही देखणा असला तरी मागे ठेवावा.

(आ) पाण्याची आठवण

संत थॉमस सुज्ञपणाच्या अंगांमध्ये स्मृतीला मोठे स्थान देतात. मागे काय घडले हे आठवल्याशिवाय पुढचे नीट ठरवता येत नाही. कोल्हापुरात ही स्मृती मुख्यतः पाण्याची आहे, आणि बाहेरून येणाऱ्याकडे ती नसते. ती त्याला आपण द्यायची असते.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते आणि ती शहराच्या कडेने वाहते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २००५ चा महापूर जुन्या माणसांना आठवतो, आणि २०२४ च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली गेली. नदी फुगली की जयंती नाल्याचे पाणी मागे हटते आणि शहराच्या आत शिरते. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प, रमणमळा, नागाळा पार्क, कदमवाडी-जाधववाडीचा काही भाग यांनी हे अनुभवले आहे.

याचा अर्थ हे भाग टाळावेत असा नाही. एकाच भागात एक गल्ली पाण्यात जाते आणि पुढची कोरडी राहते. म्हणून भागाचे नाव न विचारता इमारतीचे विचारावे : २०१९ ला पाणी कुठवर आले होते? २०२१ ला? हे घरमालकाला न विचारता समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. तळमजल्याच्या भिंतीवर ओलीच्या खुणा पाहाव्यात. महापालिकेच्या नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते याची माहिती घ्यावी. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. दोन मोठे माणसे असलेले घर पुरात एकाने सामान वर चढवून आणि दुसऱ्याने मुले हलवून निभावून नेते. एकट्या पालकाच्या हातात एकच काम मावते, आणि ते मुलाचे असते.

आणखी एक बाब. शिरोली औद्योगिक वसाहत नदीपलीकडे आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. शिरोलीत काम करणाऱ्या एकट्या बापाची मुले शहरात असतील, तर अशा दिवशी मुलांजवळ कोण राहील हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असावे. गोकुळ शिरगावला काम असणाऱ्याला शहराच्या दक्षिण बाजूला घर घेतले तर ही नदी आडवी येत नाही.

पुराइतकाच रोजच्या पाण्याचाही प्रश्न विचारावा. २०१९ मध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पूर असताना शहराचे नळ कोरडे राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने शहरात आले. तरीही आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे शेजारणीला विचारावे. पाणी सकाळी अकराला येत असेल आणि टाकी नसेल, तर नोकरी करणाऱ्या एकट्या बाईने ते भरायचे कधी?

(इ) भागांची थोडक्यात ओळख

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या पेठांत घरे लहान, गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही. पण दारे उघडी असतात. मूल शाळेतून आले की चार घरांतून त्याच्यावर नजर असते. तालीम आहे, फुटबॉल आहे, मुलगा कुठे आहे हे गल्लीला ठाऊक असते. याची दुसरी बाजू अशी की आपण किती वाजता घरी आलो हेही गल्लीला ठाऊक असते. कोणाला त्याचा आधार वाटतो, कोणाला जाच वाटतो. आपण कोणत्या स्वभावाचे आहोत ते ओळखावे.

शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी आणि राजाराम महाराजांच्या काळातली राजारामपुरी आखीव आहेत, गल्ल्यांना क्रमांक आहेत. दवाखाने, शिकवण्या, पोळी-भाजी केंद्रे, दुकाने पायी अंतरावर मिळतात. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक शाहूपुरीला लागून आहेत. ज्याला दर आठवड्याला गावी आईवडिलांकडे जायचे आहे त्याला हे सोयीचे. गर्दी आणि आवाज मात्र सोसावा लागतो.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी हे भाग शांत आणि झाडांचे. भाडे जास्त. फ्लॅट संस्कृती असल्याने शेजार आपणहून दार वाजवीलच असे नाही, ओळख आपण करून घ्यावी लागते. कसबा बावडा जुन्या गावाचा आपलेपणा राखून आहे. तिथे सेवा रुग्णालय आहे, आणि भाडे तुलनेने आवाक्यात असते.

दक्षिणेस आणि पूर्वेस जरगनगर, आर. के. नगर, संभाजीनगर, सानेगुरुजी वसाहत, कळंबा, प्रतिभानगर, सम्राटनगर, राजेंद्रनगर अशा वसाहती आहेत. बहुतेक ठिकाणी जमीन उंच आहे, पुराची भीती कमी. नव्या इमारती, मोकळी हवा. मात्र पाण्याचा दाब, रात्रीचे दिवे आणि शेवटची के.एम.टी. बस या तीन गोष्टी जागेवर जाऊन पाहाव्यात. दुचाकी चालवता येत नसेल तर बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट रात्री आठ वाजता स्वतः चालून पाहावी.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव यांसारख्या शहराला चिकटलेल्या गावांत घर स्वस्त मिळते. अशा ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. इथे घर विकत घ्यायचे असेल तर जमीन बिगरशेती आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, हे वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय इसारा देऊ नये. एकट्या पालकाची पुंजी एकदाच जमते.

(ई) शाळा

पुष्कळ पालक आधी घर घेतात आणि मग शाळा शोधतात. एकट्या पालकाने उलट करावे. आधी शाळेत प्रवेश मिळतो का पाहावे, मग शाळेच्या पायी अंतरात घर शोधावे. मूल चौथी-पाचवीत गेले की स्वतः चालत जाऊ-येऊ शकते, आणि पालकाच्या दिवसातला एक तास परत मिळतो.

महागडी शाळा म्हणजेच चांगली शाळा असे कोल्हापुरात तरी म्हणता येत नाही. जरगनगरातल्या महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेश घेण्यासाठी पालक पाडव्याला रांगा लावतात, हे सर्वांना माहीत आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव आहेत. त्यात घरापासून शाळेच्या अंतराला महत्त्व असते, म्हणून अर्ज करण्याआधी पत्त्याचा पुरावा हाती हवा. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला एवढ्या कारणाने सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

ज्यांचे मुलाच्या ताब्याचे प्रकरण न्यायालयात आहे किंवा भेटीचा आदेश झाला आहे, त्यांनी मुलाला दुसऱ्या गावी नेण्यापूर्वी वकिलाला विचारावे. घाईत उचललेले पाऊल पुढे आपल्याच विरुद्ध मांडले जाऊ शकते.

३. दुसरी पायरी : निर्णय

चौकशी झाली की हाती चार-पाच घरे उरतात. आता तोलायचे कसे? आमची सूचना अशी की आधी गाळावे आणि मग तोलावे. गाळण्यासाठी तीनच प्रश्न : पूर आला तर मूल सुरक्षित राहील का? दहा मिनिटांत येणारे एक तरी माणूस आहे का? भाडे देऊन महिनाअखेर हाती काही उरते का? यांपैकी एकाचे उत्तर 'नाही' आले तर ते घर यादीतून काढावे, मग गच्चीवरून रंकाळा दिसत असला तरी. उरलेल्या घरांत बाकीच्या सोयी तोलाव्यात.

भाड्याचा हिशेब करताना फक्त भाडे पाहू नये. समजा, शाळेजवळच्या घराचे भाडे ९,००० रुपये आणि लांबच्या घराचे ६,५०० रुपये. लांबचे घर अडीच हजारांनी स्वस्त वाटते. पण शाळेची रिक्षा महिना १,२०० रुपये, पाळणाघराचा वाढीव तास ८०० रुपये आणि रोजच्या बारा किलोमीटर जादा फेरीचे पेट्रोल सुमारे ७०० रुपये धरले तर २,७०० रुपये होतात. म्हणजे स्वस्त घर २०० रुपयांनी महाग पडले, आणि रोजचा तासभर वेळ गेला तो वेगळाच. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, पण बेरीज प्रत्येकाने करावी.

मिळकतीच्या बाजूलाही पाहावे. राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपयांची मदत आहे. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अत्यंत कमी उत्पन्न असलेल्या विधवा व परित्यक्ता भगिनींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे आजोळी जाणे थोडे सोपे झाले आहे. आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, ही तरतूद २०१७ साली कायद्यात आली. नोकरी स्वीकारताना ही चौकशी करण्यात संकोच नसावा.

निर्णय घेताना घर तीन वेळा पाहावे : शाळेच्या वेळी सकाळी, दिवे लागल्यावर रात्री, आणि जमल्यास भर पावसात. शक्यतो पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. वर्षभरात भाग आपल्याला कळतो आणि आपणही भागाला कळतो.

४. तिसरी पायरी : कृती

घर ठरले की तोंडी बोलण्यावर थांबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी चुकत नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "आपल्या ओळखीतलेच आहेत, कागद कशाला?" असे कोणी म्हटले तर नम्रपणे सांगावे की ओळख टिकावी म्हणूनच कागद हवा. त्यात अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, घर सोडण्याची पूर्वसूचना आणि भाडेवाढ स्पष्ट लिहिलेली असावी. हाच करार शाळेत, बँकेत, गॅससाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही त्याच आठवड्यात उरकावे.

जागा बदलण्याचा महिना शक्यतो मे असावा. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मुलाला गल्ली, दुकान, शाळेची वाट ओळखीची होते. मुलाला आधी सांगावे, नवे घर दाखवावे आणि त्याच्या झोपण्याची जागा त्याला निवडू द्यावी. ज्या मुलाने आधीच एक माणूस गमावले आहे त्याच्या हातातून घरही न विचारता काढून घेऊ नये.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांत जाऊन ओळख करून घ्यावी. आपण एकटे आहोत हे लपवू नये आणि त्याचा पाढाही वाचू नये. "मी सहाला येते, तोवर मुलगा मावशींकडे असतो, काही लागले तर हा माझा नंबर" एवढे पुरते. घराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या नजरेच्या उंचीवर एक कागद लावावा. त्यावर आपला नंबर, त्या दुसऱ्या माणसाचा नंबर, मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८.

५. आपल्या वाट्याचे काम

इथवरचे सारे येणाऱ्यासाठी होते. आता आपल्यासाठी, जे इथे आधीपासून राहतो त्यांच्यासाठी.

एकटी बाई घर पाहायला आली की तिला कोणते प्रश्न विचारले जातात ते आपण जाणतो. मिस्टर कुठे असतात? घरी कोण कोण येणार? रात्रपाळी असते का? मग "दोन दिवसांत कळवतो" असे सांगितले जाते आणि फोन येत नाही. मुली असलेल्या एकट्या बापालाही हाच अनुभव येतो, "घरात बाईमाणूस नाही" म्हणून. अशा घरमालकांत आपल्यापैकीही काही जण असतील. नकार देणारा वाईट असतो असे नाही, त्याला आपल्या घराची काळजी असते. पण काळजीने प्रश्न विचारणे वेगळे आणि संशयाने दार लावणे वेगळे. भाडे वेळेवर येईल का, घर नीट ठेवले जाईल का, हे भाडेकरूला विचारण्याचे योग्य प्रश्न आहेत. नवरा का गेला हा भाडेकराराचा विषय नाही.

ही भूमी याबाबतीत मागासलेली नाही. या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. गावाने ठराव केला, पण त्या बाईला शहरात खोली मिळाली नाही, तर ठरावाचा अर्थ अर्धाच राहील.

ज्या चौथ्या टिंबाबद्दल आम्ही वर लिहिले, ते दहा मिनिटांत पोहोचणारे माणूस, ते नकाशावर सापडत नाही. ते कोणीतरी व्हावे लागते. शहर निवडणाऱ्याने कितीही हुशारीने निवडले तरी हे टिंब आपण दिल्याशिवाय त्याचा त्रिकोण अपुराच राहतो. आठवड्यातून दोन दुपारी एखादे मूल आपल्या मुलाबरोबर जेवले, अभ्यासाला बसले, तर आपल्या घरात एक ताट वाढते आणि त्याच्या घरातली सहा तासांची काळजी कमी होते. निवृत्त झालेल्या, दुपारी घरी असणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी याचा जरूर विचार करावा.

एक पथ्य मात्र पाळावे. मदत करणाऱ्याने घरात कारभार करू नये. मूल कसे वाढवायचे हे त्याच्या आईने किंवा वडिलांनी ठरवायचे. आपण शेजारी आहोत, पंच नाही.

चर्चेसाठी प्रश्न (छोट्या समूहांच्या या महिन्याच्या सभेत घ्यावेत)

१. आपल्या गल्लीत २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते? नवीन येणाऱ्याला हे कोण सांगेल?

२. आपल्या समूहाच्या परिसरात एकटे पालक असलेली किती घरे आहेत? त्यांच्या शाळा सुटण्याची आणि कामावरून येण्याची वेळ आपल्याला माहीत आहे का?

३. आपल्या परिसरात विश्वासाची पाळणाघरे, सांभाळणाऱ्या मावशी, पोळी-भाजी केंद्रे कोणती? त्यांची यादी करून धर्मग्राम कार्यालयात द्यावी.

४. भाड्याने द्यायची खोली किंवा फ्लॅट आपल्याकडे असेल, तर एकट्या पालकाला तो देताना आपल्याला नेमकी कशाची शंका वाटते? ती शंका करारातील एखाद्या अटीने दूर होण्यासारखी आहे का?

ज्यांना येत्या मे महिन्यात जागा हवी आहे आणि ज्यांच्याकडे द्यायला जागा आहे, अशा दोघांनीही रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला कार्यालयात भेटावे. दलालीशिवाय गाठ घालून देता येते, आणि करार करण्याच्या कामी सोबत येणारी माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत.

— आपले धर्मगुरू